परतलेल्याचा गौरव : ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर आणि युद्धकैदी वैमानिकाचे इतिहासातील स्थान

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात १९७१ च्या भारत-पाक युद्धावरील पाठ सुरू असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त ठरला. "सर, जो पकडला गेला तो वीर कसा?" असे त्याने सरळ विचारले. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. आपल्या परिसरात तो ज्या स्मारकांसमोर लहानाचा मोठा झाला, त्यांनीच त्याला हा प्रश्न शिकवला होता. कर्जत तालुक्यात दरवर्षी २ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मरण होते. १९४३ साली त्या दिवशी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. खालापूर तालुक्यात उंबरखिंडीचे विजयस्मारक आहे. म्हणजे एका बाजूस विजय आणि दुसऱ्या बाजूस बलिदान. जो जिंकलाही नाही आणि मेलाही नाही, जो शत्रूच्या हाती सापडला, महिनोन्‌महिने कोठडीत राहिला आणि एक दिवस सीमा ओलांडून घरी आला, त्याच्यासाठी या दोन कप्प्यांत जागा नाही.

ही जागा शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांचे उदाहरण निवडले आहे. १९६५ च्या युद्धात वायुसेना पदक मिळवणारा आणि १९७१ च्या युद्धात कैद झाल्यानंतर रावळपिंडीच्या बंदिवासातून निसटण्याचे धाडस करणारा हा मराठी वैमानिक १० ऑगस्ट २०२५ रोजी निवर्तला. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते. वृत्तपत्रांनी दोन दिवस दखल घेतली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दोन दिवसांनी थांबता येत नाही.

तालुक्यातील एक जुना कैदी

परुळकरांकडे वळण्यापूर्वी थोडे घरचे पाहणे योग्य होईल. साजगावच्या 'धाकट्या पंढरी'त कार्तिकातील यात्रा भरते. बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणून ती पंचक्रोशीत परिचित आहे. विठ्ठलाच्या दर्शनाबरोबर सुक्या मासळीची खरेदी करणारे भाविक ज्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने येतात, त्याच रस्त्यावर चौक हे गाव आहे. स्वराज्याचे सरनौबत नेताजी पालकर हे परंपरेने या चौकचे मानले जातात. 'प्रतिशिवाजी' हे त्यांचे बिरुद शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यांच्या आयुष्यातील कैदेची दहा वर्षे मात्र व्याख्यानांत घाईने उरकली जातात.

आग्र्याहून १६६६ मध्ये शिवाजी महाराज निसटले आणि औरंगजेबाचा रोष त्या वेळी मोगलांच्या चाकरीत असलेल्या नेताजींवर वळला. त्यांना दक्षिणेत अटक झाली, १६६७ मध्ये धर्मांतर करण्यात आले आणि मुहम्मद कुलीखान या नावाने काबूलच्या मोहिमेवर धाडण्यात आले. वाटेत लाहोरजवळ त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला व तो फसला, असे मोगल साधनांवर विसंबणारे इतिहासकार सांगतात. १६७६ मध्ये ते महाराजांकडे परतले आणि त्यांना शुद्ध करून घेण्यात आले.

नेताजींचे प्रकरण सरळ नाही हे मान्य केले पाहिजे. अटकेपूर्वीच ते आधी आदिलशाहीकडे आणि नंतर मोगलांकडे गेले होते. त्यामुळे आजच्या अर्थाने त्यांना युद्धकैदी म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु येथे महत्त्वाचे आहे ते त्यांच्या परतण्यानंतरचे वर्तन, आणि तेही नेताजींचे नव्हे तर त्यांना स्वीकारणाऱ्यांचे. दहा वर्षांनी, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या धर्माने आलेल्या माणसाला स्वराज्याने दार उघडले. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत लाडकी कथा, आग्र्याची सुटका, हीसुद्धा अखेर एका बंदिवासाचीच कथा आहे. तेव्हा पकडला जाणे म्हणजे कलंक ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली नाही. ती कोठून आली, हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे.

१९६५ आणि १९७१

परुळकर मार्च १९६३ मध्ये भारतीय वायुसेनेत दाखल झाले. दोन वर्षांनी झालेल्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानाला व त्यांच्या उजव्या खांद्याला इजा झाली. तुकडीप्रमुखाने विमान सोडून हवाई छत्रीने उडी घेण्याचा सल्ला दिला. तो न मानता त्यांनी जायबंदी विमान सुरक्षितपणे तळावर उतरवले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक देण्यात आले. विमान वाचवले, वैमानिक वाचला, पदक मिळाले. शौर्याच्या रूढ कल्पनेत हा प्रसंग चपखल बसतो.

१० डिसेंबर १९७१ रोजी मात्र नशिबाने साथ दिली नाही. सियालकोट भागातील झफरवाल येथील रडार केंद्रावर हल्ला करताना त्यांचे सुखोई-७ विमान विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात आले. या वेळी उडी घेण्यावाचून पर्याय नव्हता. खाली उतरताच गावकऱ्यांच्या जमावाने त्यांना पकडून मारहाण केली व नंतर ते लष्कराच्या ताब्यात गेले. दोन्ही प्रसंगांत माणूस तोच होता आणि धैर्यही तेच होते. फरक होता तो गोळा कोठे लागला एवढाच. याची नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते. कारण शौर्य आणि कैद यांतील अंतर पुष्कळदा विमानाच्या कोणत्या भागाला मार बसला यावर ठरते.

आपण कधी शत्रूच्या हाती सापडलो तर पळून येऊ, असे परुळकरांनी युद्धापूर्वीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवले होते. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी ही आठवण सांगितली.

रावळपिंडी ते लंडीकोतल

पाकिस्तानच्या ताब्यातील भारतीय वैमानिकांना रावळपिंडीतील पाकिस्तानी वायुसेनेच्या बंदिस्थानात एकत्र ठेवण्यात आले. आरंभीची एकांतकोठडी व चौकशी संपल्यावर १९७१ च्या नाताळात ते प्रथम एकमेकांना भेटले. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांच्यातील ज्येष्ठ. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी कैद्यांना माणुसकीने वागवले. सुटकेनंतर भारतीय अधिकाऱ्यांनीच ही गोष्ट वारंवार नमूद केली आहे.

पळून जाण्याची आवश्यकता होती काय, हा प्रश्न तेव्हाही सोबत्यांमध्ये चर्चिला गेला आणि आज अभ्यासकानेही तो टाळू नये. युद्ध १७ डिसेंबर १९७१ रोजी थांबले होते. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमानुसार युद्ध थांबताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात भारताकडे सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते आणि ते दोन्ही देशांच्या वाटाघाटींतील सर्वांत मोठे मोहरे बनले होते. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानेही कैद्यांच्या परतीचा विषय पुढील बैठकांवर सोपवला. आपली सुटका आज-उद्या होईल असे म्हणत एकेक महिना ढकलणाऱ्या माणसाला ही दिरंगाई कशी वाटली असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. धोका पत्करण्यात अर्थ नाही असे म्हणणारे सोबती चुकीचे नव्हते. परुळकरही चुकीचे नव्हते. युद्धकैद्याचे युद्ध संपलेले नसते, या भूमिकेवर ते ठाम होते.

या बेतात फ्लाइट लेफ्टनंट मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांच्यासोबत आले. तयारी महिनोन्‌महिने चालली. कैद्यांना नियमाप्रमाणे मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले गेले. पठाणी पोशाख मिळवले गेले. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवले गेले. नकाशासाठी आधार होता तो शालेय नकाशासंग्रहाचा. खोलीच्या मागील भिंतीतील विटांचा चुना रात्री थोडा थोडा खरवडायचा आणि सकाळी ते काम झाकून ठेवायचे, असा क्रम होता. बेत तिघांचा असला तरी काम अनेकांचे होते. पहारेकऱ्यांचे लक्ष गुंतवून ठेवणारे, खरवडलेला चुना नाहीसा करणारे सोबती मागे राहणार होते व परिणाम भोगणार होते. पलायनाच्या कथांत या मागे राहणाऱ्यांची नावे सहसा येत नाहीत.

१२ व १३ ऑगस्ट १९७२ च्या दरम्यानच्या वादळी रात्री तिघे भिंतीतून बाहेर पडले. पूर्वेस भारताची सीमा जवळ होती; परंतु ती सैन्याने गजबजलेली होती आणि शोधही प्रथम तिकडेच घेतला गेला असता. म्हणून त्यांनी पश्चिमेची, अफगाणिस्तानची वाट धरली. बसने पेशावर, तेथून जमरूदमार्गे खैबर घाटातील लंडीकोतल असा प्रवास करीत १३ ऑगस्टच्या सकाळी ते सीमेपासून अवघ्या चार मैलांवर पोहोचले.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने थांबून पाहावे असा एक तपशील आहे. नकाशावर लंडीकोतलच्या पुढे लंडीखाना हे रेल्वे स्थानक होते. ती सीमेलगतची खूण. म्हणून त्यांनी स्थानिकांना लंडीखान्याचा रस्ता विचारला. खैबर रेल्वे १९२५ मध्ये लंडीकोतलपर्यंत आणि पुढच्या वर्षी लंडीखान्यापर्यंत गेली होती. परंतु शेवटचा हा तुकडा ब्रिटिशांनी १९३२ मध्येच बंद केला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची चौकशी करणारे हे तरुण स्थानिकांना संशयास्पद वाटले. त्या काळात पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत असत. हे तिघेही त्यांच्यापैकीच असावेत असा तर्क झाला आणि त्यांना अडवण्यात आले. भिंतीने, पहाऱ्याने आणि वादळाने जे केले नाही ते एका शिळ्या नकाशाने केले. विद्यार्थ्यांना साधनांची चिकित्सा शिकवताना प्रस्तुत लेखक हे उदाहरण वर्गात वापरतो. नकाशाला तारीख असते हे त्यांच्या कायमचे लक्षात राहते.

पुढचा प्रसंग तितकाच उद्बोधक आहे. तिघांनी आपण पाकिस्तानी वायुसेनेचे कर्मचारी असल्याची बतावणी केली. दोघांनी ख्रिस्ती नावे सांगितली. परंतु सीमाभागातील प्रशासनाच्या हाती सापडलेल्या संशयितांचे काय होईल याची शाश्वती नव्हती. तेव्हा परुळकरांनी पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांच्या सहायक अधिकाऱ्याशी दूरध्वनीवर बोलू देण्याची मागणी केली. त्या पदावर आता उस्मान हमीद होते. आवाज ओळखताच हमीद यांना सर्व उमगले आणि या माणसांना सुरक्षित ठेवावे असा निरोप त्यांनी दिला. ज्याच्या ताब्यातून पळायचे त्याच्याच सचोटीवर जीव सोपवायचा, असा हा विलक्षण प्रसंग आहे. उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी कोंडीत सापडलेल्या कारतलबखानाने शरणागती पत्करली आणि महाराजांनी खंडणी घेऊन त्याच्या सैन्याला वाट दिली, ही गोष्ट खालापुरातील मुलांना ठाऊक असते. हाती सापडलेल्या शत्रूशी कसे वागावे याचा तो आपल्या दारातला धडा आहे. उस्मान हमीद यांचे नाव त्याच पाठात शिकवण्यास प्रत्यवाय नसावा.

शिक्षा आणि कायदा

पकडल्यानंतर तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली. हा सूड नव्हता, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जिनिव्हा कराराचे ९२ वे कलम असे मानते की फसलेल्या पलायनाबद्दल युद्धकैद्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि ९० व्या कलमानुसार ती तीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. पलायन यशस्वी होऊन तो पुन्हा पकडला गेला तर ९१ व्या कलमानुसार आधीच्या पलायनासाठी शिक्षाच देता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याने पलायनाला गुन्हा मानलेले नाही. सैनिकाच्या निष्ठेचा तो स्वाभाविक परिणाम आहे, असे गृहीत धरले आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तीन कलमांत आहे.

पुढे सर्व भारतीय कैद्यांना लायलपूर, म्हणजे आजच्या फैसलाबाद येथील तुरुंगात हलवण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय सैनिक वाघा सीमेवरून परतले. वैमानिक त्यांच्यात होते.

गौरवाचे स्वरूप

वायुसेनेने परुळकरांच्या निधनानंतर प्रसृत केलेल्या माहितीनुसार या पलायनातील पुढाकाराबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. पदकाच्या नावाकडे लक्ष द्यावे. १९६० मध्ये स्थापन झालेले हे पदक उल्लेखनीय सेवेसाठी आहे. ते शौर्यपदकांच्या श्रेणीत मोडत नाही. म्हणजे जखमी हाताने विमान परत आणणे यासाठी वायुसेना पदक. निःशस्त्र अवस्थेत, शत्रूच्या मुलुखात, मृत्यूची टांगती तलवार असताना केलेले साहस मात्र 'सेवा' या शीर्षकाखाली. यात पदक देणाऱ्यांचा कोता विचार होता असे म्हणता येणार नाही. पदकांची भाषाच अशी घडली आहे की तीत बंदिवासातील धैर्यासाठी शब्द सापडत नाही.

इतरत्र काय झाले याची तुलना करता येईल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील कोल्डिट्झच्या किल्ल्यातून जानेवारी १९४२ मध्ये निसटलेल्या एअरी नीव्ह या ब्रिटिश अधिकाऱ्यास मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. अमेरिकेने १९८५ मध्ये युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र पदकच निर्माण केले. भारतात जखमी सैनिकासाठी पराक्रम पदक आहे. कैद भोगलेल्यासाठी तसे वेगळे पदक नाही. अर्थात केवळ कैद झाली म्हणून पदक द्यावे काय, याविषयी दुमत होऊ शकते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की कैद हा पराक्रम नव्हे, परंतु कैदेतील वर्तन हा पराक्रम असू शकतो आणि नोंद त्या वर्तनाची व्हावी. अलीकडे हा बदल दिसू लागला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पकडले गेलेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांना वीरचक्र मिळाले ते हवाई लढाईबद्दल. पण त्या मानपत्रात कैदेतील त्यांच्या निश्चयी व सन्माननीय वर्तनाचाही उल्लेख आहे. अर्थात अभिनंदन तीन दिवसांत परत आले आणि साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. परुळकरांचे जवळजवळ वर्ष कोणी पाहिले नव्हते.

लोकस्मृतीची तऱ्हाही याहून वेगळी नाही. १९६५ च्या युद्धात पकडले गेलेले वैमानिक के. सी. करिअप्पा यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण ती त्यांच्या वडिलांची म्हणून. आपल्या मुलाला वेगळी सवलत नको असे बजावणारे जनरल करिअप्पा हे त्या कथेचे नायक. कोठडीतला मुलगा केवळ निमित्त. परुळकरांच्या पलायनाचे सविस्तर पुस्तक, 'फोर माइल्स टू फ्रीडम', २०१३ मध्ये फेथ जॉन्स्टन या कॅनडातील लेखिकेने इंग्रजीत लिहिले. त्याच छावणीतील धीरेंद्रसिंग जाफा यांच्या आठवणीही इंग्रजीत आहेत. त्यावर २०१९ मध्ये चित्रपट झाला. आमच्या भाषेत गडकोटांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या विषयावर लिहिले गेलेले नाही, आणि याची जबाबदारी इतिहासाच्या मराठी अध्यापकांवर येते. प्रस्तुत लेखक स्वतःला त्यातून वगळत नाही.

जे वाघ्याला आले नाहीत

परुळकरांचा गौरव करताना आणखी एका मराठी वैमानिकाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हेही सुखोई-७ चे वैमानिक. डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात ते पाकिस्तानातील मोहिमेवरून परतले नाहीत. त्यानंतर एका पाकिस्तानी वृत्तपत्राने जिवंत पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापली. तीत किंचित बदललेल्या वर्णांत त्यांच्या नावाशी जुळणारे एक नाव होते. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांच्याशी त्यांचा विवाह होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथे परतलेल्यांत तांबे नव्हते. बेपत्ता म्हणून नोंदल्या गेलेल्या ५४ भारतीय सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव आहे. असे कोणी आपल्या कैदेत नसल्याचे पाकिस्तानने सातत्याने सांगितले. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले. २००७ मध्ये चौदा नातेवाइकांच्या गटाने पाकिस्तानातील तुरुंगांना भेटी दिल्या. दमयंतीबाई त्या पाठपुराव्यात अग्रभागी होत्या. हाती काही लागले नाही.

हुतात्मा म्हणावे तर मृत्यूचा पुरावा नाही, आणि परतलेला म्हणावे तर तो परतला नाही. कोनशिलेवर नाव कोरण्यासाठी एक तारीख लागते. तांबे कुटुंबाकडे अशी तारीख एकच होती, विमान परत न आल्याची.